हार्ड डिस्क उघडत नाहीये? आधी नक्कल, मग दुरुस्ती



दीड वर्षाची रीडिंग्ज, मायक्रोस्कोपचे फोटो, मुलाखतींची रेकॉर्डिंग्ज आणि प्रबंधाची लिहून झालेली प्रकरणं, हे सगळं एका एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर आहे असं समजा. एक दिवस तुम्ही ती लॅपटॉपला लावता. दिवा लागतो, पण आत काहीच दिसत नाही. किंवा विंडोज अगदी नम्रपणे विचारतं, की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करू का?

इथून पुढच्या तासाभरात तुम्ही काय करता, यावर तुमचा डेटा परत मिळणार की नाही हे बऱ्याचदा ठरतं. डेटा अनेकदा पहिल्या बिघाडात जात नाही. बिघाडानंतर घाईघाईत केलेल्या उपायांत तो जातो. म्हणून आजचा लेख हा सॉफ्टवेअरची यादी नाही, कामाचा क्रम आहे. तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा एमएस्सीचं डिझर्टेशन चालू असेल, तर हा क्रम आत्ताच समजून ठेवा. वेळ आल्यावर शांतपणे वाचायची मनःस्थिती नसते.

माउंट होणं म्हणजे नक्की काय?

जुन्या ग्रंथालयातली कार्डांची कपाटं आठवा. पुस्तक कुठल्या रॅकवर आहे हे कार्डावरून कळतं. हार्ड डिस्कवरही असंच असतं. सुरुवातीला पार्टिशन टेबल असतं. डिस्कचा कुठला भाग कुठून कुठपर्यंत आहे, हे ते सांगतं. प्रत्येक भागात एक फाइल सिस्टीम असते, म्हणजे एनटीएफएस, एक्सफॅट, ईएक्सटी-४ वगैरे. कुठल्या नावाची फाइल कुठल्या जागांवर पसरली आहे, याची सूची तिच्याकडे असते. संगणक आधी टेबल वाचतो, मग फाइल सिस्टीमचं पहिलं पान वाचतो, आणि सगळं जुळलं तरच फोल्डर दाखवतो. यालाच माउंट होणं म्हणतात.

यात एक दिलासा आहे. कार्डांच्या कपाटाला आग लागली तरी पुस्तकं रॅकवरच असतात. डिस्क माउंट होत नाही याचा अर्थ बहुतेक वेळा सूची वाचता येत नाही, एवढाच असतो. शिवाय या सूचीच्या महत्त्वाच्या पानांची राखीव प्रतही असते. एनटीएफएसमध्ये बूट सेक्टरची दुसरी प्रत त्या पार्टिशनच्या अगदी शेवटी असते. जीपीटी पद्धतीच्या पार्टिशन टेबलची प्रत डिस्कच्या शेवटी असते. ईएक्सटी-४ मध्ये सुपरब्लॉकच्या प्रती ठरावीक अंतरावर ठेवलेल्या असतात. दुरुस्ती शक्य होते ती या राखीव प्रतींमुळे.

आधी निदान: चारपैकी कुठला प्रकार?

पहिला प्रकार केबल किंवा विजेचा. छोट्या, अडीच इंची डिस्कला वेगळा अ‍ॅडॅप्टर नसतो, ती यूएसबीतूनच वीज घेते. यूएसबी २.० पोर्ट प्रमाणानुसार ५०० मिलिअँपिअर देतो आणि यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर. स्वस्तातला हब मध्ये असेल किंवा केबल थकलेली असेल, तर डिस्क फिरायला सुरुवात करते आणि मध्येच दम सोडते. म्हणून हब काढा, दुसरी केबल घ्या, दुसऱ्या पोर्टला लावून बघा, जमल्यास दुसऱ्या मशीनवरही बघा. मोठ्या साडेतीन इंची डिस्कचा १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टरही बदलून बघा, पण त्याच व्होल्टेजचा.

दुसरा प्रकार भाषेचा, आणि विज्ञानाच्या लॅबमध्ये तो सर्रास दिसतो. उपकरणाचा संगणक लिनक्सवर चालत असेल आणि डिस्क तिथे ईएक्सटी-४ मध्ये फॉरमॅट केलेली असेल, तर विंडोजला ती कळतच नाही. मॅकच्या एपीएफएस डिस्कचंही तेच. विंडोजला न कळलेली डिस्क ते रिकामी किंवा बिघडलेली समजतं आणि फॉरमॅट करायला सुचवतं. आमच्या लॅबमध्ये एक ज्युनियर रडवेली होऊन अशीच डिस्क घेऊन आली होती. लिनक्सच्या मशीनला लावली आणि सगळे फोल्डर समोर आले. डिस्कला काहीही झालेलं नव्हतं. याची उलटी बाजूही लक्षात ठेवा. विंडोजने डिस्क नीट बंद केली नसेल, तर लिनक्स कधी कधी ती एनटीएफएस डिस्क माउंट करायला नकार देतं. अशा वेळी ती विंडोजला लावून बघा. तिथे उघडली तर आधी डेटा दुसरीकडे कॉपी करा आणि मगच सेफली रिमूव्ह करा.

तिसरा प्रकार सूची बिघडल्याचा. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये डिस्क दिसते, आकार बरोबर दिसतो, पण फाइल सिस्टीमच्या जागी रॉ लिहिलेलं असतं. कॉपी चालू असताना केबल ओढली किंवा वीज गेली की असं होऊ शकतं.

चौथा प्रकार डिस्क स्वतःच मरायला टेकल्याचा. टक-टक किंवा खरखर आवाज येतो, आकार चुकीचा दिसतो, किंवा एक फोल्डर उघडायला पाच मिनिटं लागतात. आवाज येत नसेल तर डिस्कची स्मार्ट नोंद बघा. विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फो आणि लिनक्सवर स्मार्टसीटीएल ती दाखवतं. त्यात ५, १९७ आणि १९८ या क्रमांकांच्या नोंदी महत्त्वाच्या आहेत. क्रमांक ५ म्हणजे खराब झाल्यामुळे बदली केलेले सेक्टर, १९७ म्हणजे वाचता न आल्याने ताटकळलेले सेक्टर, आणि १९८ म्हणजे चाचणीत वाचताच न आलेले. इथे शून्याऐवजी वाढते आकडे दिसले, तर डिस्ककडे वेळ थोडा आहे असं समजा. आकडे शून्य असले म्हणून ती ठणठणीत आहे, असं मात्र नाही.

या गोष्टी करायच्या नाहीत

फॉरमॅट नाही. क्विक फॉरमॅट फक्त नवी कोरी सूची लिहितं, पण विंडोज व्हिस्टापासून पुढचं पूर्ण फॉरमॅट सगळ्या डिस्कवर शून्य लिहीत जातं. त्यानंतर मिळण्यासारखं काही उरत नाही. एक्स्टर्नल एसएसडी असेल तर क्विक फॉरमॅटही घातक ठरू शकतं, कारण ट्रिम नावाच्या आज्ञेने संगणक एसएसडीला ‘या जागा आता नकोत’ असं कळवतो आणि ती त्या पुसून मोकळी होते.

इनिशिअलाइझ नाही. डिस्क मॅनेजमेंट तसं विचारत असेल तर कॅन्सल करा. त्याने नवं पार्टिशन टेबल लिहिलं जातं.

आणि चेकडिस्क किंवा एफएसचेकसुद्धा नाही, निदान लगेच तरी नाही. ‘दुरुस्ती’ हा शब्द ऐकायला बरा वाटतो. पण या प्रोग्रॅमचं काम फाइल सिस्टीम सुसंगत करणं हे आहे, तुमच्या फाइल्स वाचवणं नाही. सूचीत न जुळणारी नोंद दिसली तर ते ती काढून टाकू शकतात. चेकडिस्कनंतर डिस्कवर फाउंड-०००  नावाचा फोल्डर आणि त्यात डॉट सीएचके फाइल्सचा ढीग सापडला, तर समजायचं की तुमच्या फाइल्सची नावं आणि पत्ते त्यात गेले. शिवाय मरायला टेकलेल्या डिस्कवर तासन्‌तास लिहायला लावणं म्हणजे आजाऱ्याला धावायला सांगणं.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवायचा सल्लाही कोणीतरी हमखास देतं. बाहेर काढल्यावर आपल्या हवेत तिच्यावर पाणी साचतं. चालू डिस्कचं हेड तबकडीपासून फक्त काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. तिथे पाण्याचा थेंब काय करेल, हे सायन्सच्या विद्यार्थ्यांना वेगळं सांगायला नको.

नक्कल: खरी पायरी हीच

लॅबमध्ये आपण मूळ नमुना कधीच संपवून टाकत नाही. त्यातला थोडा भाग वेगळा काढतो आणि प्रयोग त्यावर करतो. इथेही तेच करायचं. आधी अख्ख्या डिस्कची सेक्टर-टू-सेक्टर नक्कल एका फाइलमध्ये घ्यायची, म्हणजे इमेज बनवायची. मूळ डिस्क बाजूला ठेवायची. पुढचे सगळे प्रयोग नकलेवर. प्रयोग फसला तर नकलेची आणखी एक नक्कल काढता येते.

यासाठी ग्नू डीडीरेस्क्यू हे मोफत आणि उत्तम साधन आहे. लिनक्स नसेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह उबुंटू चालू करा. उबुंटूमध्ये पॅकेजचं नाव जीडीडीरेस्क्यू असं आहे. साध्या कॉपीत आणि यात मोठा फरक आहे. साधी कॉपी खराब सेक्टरपाशी अडकून बसते. डीडीरेस्क्यू तो सोडून पुढे जातं, आधी सहज वाचता येणारा भाग उचलतं आणि अवघड जागांकडे नंतर वळतं. उद्या डिस्क बंद पडली, तरी आज मिळण्यासारखं मिळून जावं, हा त्यामागचा विचार.

त्याला तीन गोष्टी सांगायच्या असतात: कुठून वाचायचं, कुठे लिहायचं आणि मॅपफाइल कुठे ठेवायची. मॅपफाइल ही प्रयोगवहीसारखी असते. कुठले सेक्टर वाचले, कुठले राहिले याची नोंद तिच्यात होते. मध्येच लाइट गेली तर त्याच मॅपफाइलने काम जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं. पहिली फेरी ‘एन’ पर्यायाने करा, म्हणजे खराब जागा खरवडण्याचं काम टळतं. मग दुसऱ्या फेरीत ‘आर’ पर्यायाने तीनेक पुनर्प्रयत्न द्या.

तीन काळज्या घ्या. एक, एसडीए, एसडीबी अशा नावांमधलं नेमकं तुमच्या डिस्कचं कुठलं, हे आकार बघून दोनदा तपासा. फाइलमध्ये नक्कल घेताना डीडीरेस्क्यू ‘फोर्स’ पर्याय मागत नाही. मागितला तर तुम्ही फाइलऐवजी एखाद्या डिस्कवर लिहायला निघाला आहात, तिथेच थांबा. दोन, नक्कल ठेवायची डिस्क मूळ डिस्कच्या पूर्ण आकारापेक्षा मोठी हवी, आणि फॅट-३२ नको, कारण त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. तीन, वेळ राखून ठेवा. सेकंदाला १०० एमबी वेग मिळाला तर १ टीबीला पावणेतीन तास लागतात. यूएसबी २.० वर सेकंदाला ३० एमबी धरले तर नऊ तासांच्या वर. खराब सेक्टर असतील तर दिवस लागू शकतात. घाई करू नका, फक्त डिस्क फार तापत नाही ना ते बघत राहा.

आता नकलेवर काम

पहिलं साधन टेस्टडिस्क. ते इमेज फाइल उघडतं, हरवलेली पार्टिशन शोधतं, राखीव बूट सेक्टरवरून मूळ सेक्टर परत बसवू शकतं, आणि मुख्य म्हणजे काहीही न लिहिता आतल्या फाइल्सची यादी दाखवून त्या दुसरीकडे कॉपी करू देतं. सूची थोडीच बिघडली असेल, तर फोल्डर आणि नावांसकट सगळं परत मिळण्याची चांगली शक्यता असते. हा रस्ता नेहमी आधी.

तो बंद असेल तर त्याचंच भावंड, फोटोरेक. हे सूचीकडे बघतच नाही. ते थेट रॅकवरची पुस्तकं चाळतं आणि पहिल्या पानावरून ओळखतं. जेपीईजी फाइलचे पहिले तीन बाइट एफएफ, डी८, एफएफ असतात. वर्डची डॉट डॉक्स आणि एक्सेलची डॉट एक्सएलएसएक्स फाइल आतून झिप असते आणि ‘पीके’ या अक्षरांनी सुरू होते. झिप स्वरूप बनवणाऱ्या फिल कॅट्झ यांची ती आद्याक्षरं. एचडीएफ-५ आणि टिफ यांनाही अशीच ओळख असते.

पण संशोधकांनी एक मर्यादा नीट लक्षात घ्यावी. सीएसव्ही फाइलला अशी ओळख नसते. ती साधा मजकूर आहे. फोटोरेक असा मजकूर डॉट टीएक्सटी म्हणून काढून देतं, पण फाइल कुठे सुरू झाली आणि कुठे संपली याची खात्री नसते. शिवाय या पद्धतीत फाइलची नावं आणि फोल्डर जातात. ‘नमुना ७, दुसरी चाचणी’ ही माहिती तुम्ही फक्त फाइलच्या नावात ठेवली असेल, तर आकडे परत मिळतील पण ते कशाचे हे कळणार नाही. म्हणून नमुन्याचा क्रमांक, तारीख आणि उपकरण या गोष्टी फाइलच्या आत, पहिल्या ओळींमध्येही लिहायची सवय लावा.

कोलंबियातली डिस्क

१ फेब्रुवारी २००३ रोजी कोलंबिया अवकाशयान परतीच्या वाटेवर टेक्सासच्या आकाशात फुटलं. कल्पना चावला यांच्यासह सातही अंतराळवीर गेले. यानात झेनॉन वायूच्या क्रांतिक बिंदूजवळच्या श्यानतेचा एक प्रयोग चालू होता. त्याचा काही डेटा उड्डाणातच पृथ्वीवर पाठवला होता, बाकीचा एका हार्ड डिस्कवर होता. ती डिस्क नंतर अवशेषांमध्ये सापडली. बाहेरून ती जळून वितळलेल्या धातूच्या तुकड्यासारखी दिसत होती. क्रोल ऑनट्रॅक या कंपनीच्या तज्ज्ञांनी आतल्या तबकड्या साफ करून नव्या डिस्कमध्ये बसवल्या आणि सुमारे ९९ टक्के डेटा वाचला. २००८ मध्ये त्या प्रयोगाचा शोधनिबंध फिजिकल रिव्ह्यू ई या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

याचा अर्थ काहीही परत मिळतं, असा घेऊ नका. त्याच यानातल्या आणखी दोन डिस्कमधून काहीच हाती लागलं नाही. ही वाचली कारण तबकड्या वाकल्या नव्हत्या, आणि तो संगणक डॉसवर चालत असल्याने डेटा विखुरलेला नव्हता, एकसलग लिहिलेला होता. इजा झाली ती बहुतेक रिकाम्या भागाला. आणि तज्ज्ञांच्या हाती येईपर्यंत कोणी ती लॅपटॉपला लावून दहा वेळा ‘ट्राय’ केली नव्हती, हेही आहेच.

प्रयोगशाळेकडे कधी?

टक-टक आवाज येत असेल, डिस्क पडली असेल, किंवा फिरतच नसेल, तर वरचं काहीही करू नका. बंद करा आणि डेटा रिकव्हरीच्या व्यावसायिक प्रयोगशाळेत द्या. घरी झाकण उघडू नका. जुन्या डिस्कचं सर्किट बोर्ड आणून बदलायचा उपायही आजच्या डिस्कवर सहसा चालत नाही, कारण त्या बोर्डावरच्या चिपमध्ये त्याच डिस्कची खास माहिती साठवलेली असते. देण्याआधी तीन प्रश्न विचारा. तपासणीचे पैसे किती? डेटा मिळाला नाही तर बिल लागतं का? आणि मूळ डिस्क परत देणार ना? डिस्कवर रुग्णांची किंवा मुलाखत दिलेल्या लोकांची माहिती असेल, तर आधी गाइडशी बोला आणि गोपनीयतेचं लेखी घ्या.

डिस्क बिटलॉकरने लॉक असेल, तर ४८ अंकी रिकव्हरी की आत्ताच शोधून ठेवा. पासवर्डही नाही आणि कीही नाही, तर कुठलीच प्रयोगशाळा काही करू शकत नाही.

परत मिळालं, पण खरं आहे का?

हा भाग बहुतेक जण सोडून देतात, आणि संशोधनात खरा धोका इथेच आहे. डीडीरेस्क्यूला जे सेक्टर वाचता आले नाहीत, त्यांच्या जागी इमेजमध्ये शून्य राहतात. फाइलचं नाव बरोबर, आकार बरोबर, उघडतेही, पण मधला एक तुकडा पोकळ. फोटोत तो करडा किंवा काळा पट्टा म्हणून दिसेल. पण उपकरणाच्या बायनरी फाइलमध्ये ते शून्य वाचनं म्हणून तुमच्या सरासरीत जाऊन बसतील आणि तुम्हाला कळणारही नाही.

यावर डीडीरेस्क्यूमध्येच उपाय आहे. फिल मोड वापरून मॅपफाइलमधल्या खराब जागांवर एखादा ठळक शब्द भरता येतो. हे नकलेच्या नकलेवर करा, मग तो शब्द ज्या फाइल्समध्ये सापडेल त्या बाधित. बाकीच्यांना त्या सेक्टरांची झळ लागलेली नाही. बाधित फाइल्स विश्लेषणातून वगळा किंवा तो प्रयोग पुन्हा करा. शेजारचे आकडे बघून मधले भरून काढू नका. आणि प्रयोगवहीत तारखेसह लिहा: हा डेटा रिकव्हरीतून आलेला आहे, इतक्या फाइल्स वगळल्या. व्हायव्हाला कोणी विचारलं तर उत्तर तयार असेल, आणि न विचारताही ते लिहिणं आपलं कामच आहे.

आज रात्री करायचं काम

छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला ३-२-१ नियम सोपा आहे: डेटाच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. एक लॅपटॉपवर, एक हार्ड डिस्कवर, एक विद्यापीठाच्या सर्व्हरवर किंवा क्लाउडवर. लॅपटॉपवरून फाइल्स कापून हार्ड डिस्कवर टाकल्या, तर त्याला बॅकअप म्हणत नाहीत. ती एकच प्रत आहे, फक्त तिची जागा बदलली. महत्त्वाच्या फोल्डरचे एसएचए-२५६ चेकसम काढून ठेवा, म्हणजे परत मिळालेली फाइल मूळच आहे का, हे एका आज्ञेत कळेल.

आणि डिस्कवर एक कागदाची पट्टी चिकटवा. फाइल सिस्टीम कुठली, कुठल्या मशीनवर फॉरमॅट केली, कधीपासून वापरात आहे, बिटलॉकर आहे का. की मात्र तिथे लिहू नका. ज्या दिवशी डिस्क उघडणार नाही, त्या दिवशी निदानाचा पहिला अर्धा तास ही पट्टी वाचवेल.